हात कापडात होते

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारातल्या टोपलीत प्रत्येकाने आपला फोन ठेवायचा, नावाची चिठ्ठी लावून आणि कुलूप काढून. "फोनला कुलूप म्हणजे मनाला कुलूप!" असं महाराज म्हणत आणि शहाणीसुरती माणसं माना डोलावत. मग महाराज डोळे मिटून ज्याच्या त्याच्या मनातलं सांगत.

आठवड्यापूर्वी त्यांनी शिंपीणबाईला सांगितलं होतं, "नवऱ्याचा संशय तुला पोखरतोय, बाई. आणि तो खरा आहे!" त्याच संध्याकाळी तिने सोळा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला घराबाहेर काढलं. आता घटस्फोटाच्या कागदावर सही करू का, एवढंच विचारायला ती आली होती.

सोबत नणंद होती. शाळेत विज्ञान शिकवणारी, फटकळ. भावाचा संसार मोडताना ती गप्प बसणार नव्हती. वहिनीच्या नावाची चिठ्ठी तिने गुपचूप स्वतःच्या फोनला लावली होती, आणि स्वतःची वहिनीच्या फोनला.

महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, मला बेडूक दिसतायत. पोट फाडलेले बेडूक!"

"बेडूक?" शिंपीणबाई चक्रावली.

"मागच्या जन्मीचं पाप!"

"पाप कसलं? नववीचा धडा आहे तो!" नणंद ताडकन उठली. "आणि फोन माझा आहे!"

तिने मागचा पडदा ओढला. आत चेला तिचा फोन चाळत माईकवर कुजबुजत होता, आणि ते महाराजांच्या कानातल्या बोंडात ऐकू जात होतं. फोन उघडताच पुढ्यात येणारे व्हिडिओ, एवढंच ते अंतर्ज्ञान! लोकांनी महाराजांना यथेच्छ बदडलं, मग टोपलीतून आपापले फोन उचलून त्यात माना घातल्या.

"पण वन्सं, संशय तर माझ्या मनात होताच ना?"

"पहिल्यांदा कधी आला?"

तिला आठवलं. गणवेशांचा ढीग होता, फोन मशीनला टेकवलेला, दोन्ही हात कापडात. बाहेरख्याली नवरा पकडला गेल्याचा व्हिडिओ लागला. संपला की पुन्हा पहिल्यापासून. सरकवायला हात रिकामा नव्हता, म्हणून दुपारभर तोच वाजला.

"तुझे हात गुंतलेत हे फोनला काय कळणार, वहिनी? त्याला वाटलं, हिला हेच आवडतं. मग रोज तेच तुझ्या ताटात वाढत गेला."

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "चुकलं माझं. तो संशय फोनमधल्या व्हिडिओंनी भरवला होता. घरी या."

"सोळा वर्षं माझं तोंड बघत होतीस," तो म्हणाला. "तेव्हा जे दिसलं नाही, ते फोनने दाखवलं. आता त्याच्याशीच संसार कर. मी सही केलीये."

बाबांनो, महाराजाला हाकलणं सोपं, तो पडद्याआड सापडतो. खिशातल्याचं काय? एखादी गोष्ट मनात फार जोरात आली, तर कुणाला घराबाहेर काढण्याआधी स्वतःला विचारा: ही मी आणली, की माझे हात कापडात असताना कुणी आणून ठेवली? शिंपीणबाईने हे विचारलं, पण आठवडाभर उशिरा.