आखूड शॉकअप

मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि पंचवटीतल्या एका बोळात उभी असते. मित्रांनो, माझ्यावरून दोन सख्ख्या बहिणींचे कसे बिनसले, ते सांगते.

माझे मालक वेणीमाधव गुरुजी. पूजा सांगायला ते माझ्यावरूनच जात. ते वारल्यावर मी त्यांच्या मुलींच्या वाट्याला आले. थोरली स्वरदा उंच, धाकटी संपदा ठेंगणी. संपदा बसली की तिचे नुसते अंगठे टेकायचे. सिग्नलला ती घामाघूम व्हायची.

शेवटी तिने मला देवराम मिस्त्रीकडे नेले. त्याने माझे मागचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, काढून आखूड बसवले. "ताई, गाडी बुटकी झाली की स्टँड लांब पडतो, ती उलटीकडे कलंडते," असे म्हणत त्याने स्टँडही थोडा कापला. संपदाचे तळवे जमिनीला टेकले. तिने माझी टाकी थोपटली.

घरी स्वरदा कडाडली, "बाबांची गाडी कापून आणलीस? कोणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का, ताई?"

"पाय टेकले की गुडघे हनुवटीला लागतात माझे!"

"मग रिक्षाने जा."

संपदा मनमाडला गेली होती, तेव्हा स्वरदाने दुसऱ्या गॅरेजात जुने शॉकअप पुन्हा चढवले. धाकटीला अवाक्षर सांगितले नाही.

परतल्यावर संपदा सकाळी घाईत निघाली. कापलेल्या स्टँडवर मी फार कलले होते, म्हणून बसताना तिला उंची कळली नाही, आणि वाटेत कुठे पाय टेकायची वेळही आली नाही. भाजीबाजारात हातगाडी आडवी आली. तिने ब्रेक मारला, सवयीने पाय खाली टाकला, पण तो जमिनीला पुरलाच नाही. आम्ही दोघी आडव्या झालो. तिचा घोटा माझ्याखाली मोडला.

दवाखान्यात स्वरदा धावत आली, पण तोंडातून निघाले, "बसण्याआधी बघायचं तरी!"

"तू सांगायचं तरी!" म्हणून संपदाने भिंतीकडे तोंड फिरवले.

काही दिवसांनी स्वरदाने स्वतःच आखूड शॉकअप बसवून आणले आणि किल्ली बहिणीच्या उशाशी टाकली. "घे. मी पुन्हा हिच्यावर बसणार नाही."

"नको बसूस."

घोटा बरा झाला, बोलणे मात्र अजून बंदच आहे. मित्रांनो, गाडी उंच करा नाहीतर बुटकी, माझी तक्रार नाही. पण तिच्या एका नटाला जरी हात लावलात, तर पुढे तिच्यावर बसणाऱ्याला सांगा. त्याचे तोंड पाहायची इच्छा नसली, तरी सांगा.