चित्रातले दोन

"चित्रात वेळ भरून दाखवू नकोस, लोक तीच उतरवतात," शेजारी खुर्ची ओढून बसत ऑफिसातल्या अनुभवी बाईंनी तिला बजावलं होतं. गोळ्यांची आठवण करणाऱ्या ॲपचं तिनं लिहिलेलं ते पहिलंच मदत-पान, ॲप कसं वापरायचं ते चित्रांतून दाखवणारं.

"इतकं भोळं कोण असतं, बाई?" ती हसली होती, आणि चित्रात दुपारचे दोन तसेच ठेवले होते.

बाई निवृत्त झाल्या, शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. आज बाळाला थोपटत तिनं बाबांना, थकवा का जात नाही म्हणून, फोनवर खोदून विचारलं. उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी ते चार महिने दुपारी दोनला, जेवून घेत होते. थकवा जाणार कसा?

"तुझ्या चित्रात दोनच आहेत. लेकीचं चित्र चुकेल होय?"

तिनं चित्रातली वेळ पुसून लिहिलं, ‘डॉक्टरांनी सांगितलेली वेळ भरा.’ पण जुनं पान आणखी किती जणांनी पाहिलं असेल? तुमच्याही घरी कुणी ॲप बघून गोळी घेत असेल, तर आजच विचारा: वेळ कुणी सांगितली?