इमामसाबचा कतबा

दुपारपासून उजमाचं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं. लातूरहून चुलतभाऊ नबीलनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. पणजोबांचा कतबा, म्हणजे कबरीवर लावायचा नावाचा दगड, घडवून तयार. ‘इमामसाब नालबंद, नायगाव.’ उद्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की नायगावच्या कब्रस्तानात बसवायचा. सगळ्यांनी माशाअल्लाह लिहिलं. उजमानंही लिहिलं.

ती नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायची. माहिती कुठून घेतली ते पोरांनी प्रकल्पाखाली लिहिलं नाही, तर प्रकल्प तसाच परत करायची. घराण्याचा शजरा, म्हणजे वंशवेल, इंटरनेटवर चढवायचा उद्योगही तिचाच. त्यात इमामसाबच्या नावापुढे कबरीचा फोटो होता, पण संदर्भाची जागा कोरी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! म्हणून ती शोधायला बसली, तर एक सोडून तीन तीन संकेतस्थळांवर तीच कबर आणि तेच नाव. जीव भांड्यात पडला. पण घटकाभरच.

पहिल्या ठिकाणचा फोटो तिनं मोठा केला. कोपऱ्यात फाटकाचा गंजका गज होता, आणि गजांमधून पुढं आलेलं चांदीच्या अंगठीचं बोट. जन्नतबी फुफीचं, म्हणजे आत्याचं. फोटो तिचा स्वतःचाच होता. दुसऱ्या संकेतस्थळानं पहिल्याचा संदर्भ दिलेला, तिसऱ्यानं दुसऱ्याचा.

झालं होतं असं. काही वर्षांमागं ती फुफीला घेऊन नायगावला गेली होती. त्यांच्या घराण्यात बायका कब्रस्तानात पाय ठेवत नाहीत. दोघी फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. फुफीनं निंबाखाली बोट केलं आणि उजमानं बोटाच्या रोखानं फोटो काढला. शजऱ्यात टाकताना खाली लिहिलं, ‘बहुतेक इमामसाब.’ ज्यांनी ज्यांनी तो उचलला त्यांनी ‘बहुतेक’ तेवढा गाळला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण भरलेला पोहरा दिसला की आडात डोकावायचे कष्ट कोण घेतो.

तिनं फोटो आणखी मोठा केला. कबरीवर गुलाबाची फुलं होती, नुकती सुकलेली. नायगाव तर घराण्यानं उजमाच्या अब्बांच्या लहानपणीच सोडलेलं. तिथं फूल वाहणारं त्यांचं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्याच कुणाचा बाप नाहीतर आई तिथं निजली होती, आणि उद्या त्यांच्या उशाशी इमामसाबचं नाव लागणार होतं. उजमाला लाज वाटली. ती उठली, गच्चीवर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी फुफीसमोर जाऊन बसली.

फुफी तांदूळ निवडत होती. कबर तिनं जवळून कधी पाहिली होती का, असं उजमानं विचारलं.

“मी कशाला आत जाईन? ईदची नमाज झाली की आमचे अब्बा तिथं थांबून फातेहा पढायचे. मी फाटकातून बघायचे.”

“निंबाखालीच का पण?”

“सावली तिथंच होती ना, पोरी.”

बोलता बोलता फुफीचा हात तांदळात थांबला.  ती हळू आवाजात म्हणाली, “मग दादा कुठं हायत?”

 दादांना, म्हणजे आजोबा इमामसाबना, पाहिलेलं घरात आता एकटी फुफीच होती. आपण गेल्यावर त्यांचं नाव घेणारं कुणी राहायचं न्हाई, म्हणून दगडाचा ध्यास तिनंच घेतला होता. दगड थांबवणं म्हणजे तिच्या तोंडचा घास काढणं. तरी उजमानं तिथंच बसून लातूरला फोन लावला. नबील ऐकेना. दगड गाडीत चढवलाय, म्हणाला, आणि तीन तीन ठिकाणी लिहिलेलं खोटं कसं असेल?

“भाई, तिन्ही ठिकाणी मीच हाय.”

 तेवढ्यात फुफीनं हात पुढं करून फोन घेतला.

“जनाजा त्याच फाटकातून आत गेलेला मी बघितलाय. तेवढं पक्कं हाय. दगड फाटकापाशी लाव, आतल्या बाजूनं.”

जुम्म्याला नायगावात कब्रस्तान सांभाळणाऱ्या मकसूदमियांनी फाटकाला लागून जागा दिली. माणसं आत दुवा मागत होती, दोघी नेहमीसारख्या बाहेर. उजमानं तिथंच मोबाईल काढला, निंबाखालचा फोटो शजऱ्यातून पुसला आणि संदर्भाच्या जागी लिहिलं, ‘जन्नतबीनं जनाजा आत जाताना पाहिला. कबर कोणती, ते माहीत नाही.’ तिन्ही संकेतस्थळांनाही तसं कळवलं. ते ऐकतील की नाही कोण जाणे, त्याचा घोर तिला होताच.

तिनं वर पाहिलं. फुफीनं गजांतून कोपरापर्यंत हात आत घातला होता. बोटं दगडावरच्या अक्षरांवरून फिरत होती.

“दादा,” ती म्हणत होती, “मी हितं बाहेरच हाय.”