डी म्हणजे ग्लेनारी

त्या वर्षी सप्टेंबरात मिस्टर पिटकेर्नचा खांदा निखळला आणि किनलॉ रोव्हर्स फुटबॉल क्लबचा फलक माझ्या ताब्यात आला.

फलक म्हणजे आमच्या मैदानाच्या समुद्राकडच्या टोकाची काळी भिंत. तिच्यावर पांढऱ्या रंगात ए पासून पी पर्यंत अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराखाली दोन हुक, डावा यजमानांचा, उजवा पाहुण्यांचा. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, ते त्या शनिवारच्या छापील पत्रिकेत असतं. मध्यंतराला बाकीच्या मैदानांवरचे गोल फोनवरून येतात, ऑफिसातल्या मिस रँकिन ते चिठ्ठीवर उतरवतात, मग कुणीतरी फळीवर चढून पत्र्याचे आकडे हुकांना अडकवायचे. ते कुणीतरी सत्तावीस वर्षं मिस्टर पिटकेर्न होते. आता ते खाली स्टुलावर बसून आकडे हातात द्यायचे आणि वर मी असायचे. मी, एफी गेडीस, वय वर्षं चौदा, उंची बाबांच्या कानापर्यंत.

या कामासाठी माझं नाव बाबांनीच सुचवलं होतं. बाबा म्हणजे टॅम गेडीस, रोव्हर्सचे राइट बॅक, उजवीकडचे बचावपटू. आठवडाभर लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या तेलकापडाच्या कारखान्यात, शनिवारी मैदानावर. कुठल्याही वारी घरी आले की अंगाला जवसाच्या तेलाचाच वास.

पहिल्याच शनिवारी मी फळीवर चढले आणि गर्दीतून एकजण ओरडला, "ए टॅमच्या पोरी, कपडे वाळत घालतेस होय? माझे मोजेही घाल की दोन!"

मी गर्रकन वळले. "आधी धुऊन तर आणा! वास इथवर येतोय!"

भिंतीखालचे सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. मिस्टर पिटकेर्न मात्र हसले नाहीत. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "चिठ्ठीत असेल तेच लावायचं. लोकांना काय आवडेल ते नाही. कळलं?"

कळलं होतं. निदान एप्रिलपर्यंत तरी.

नाताळापर्यंत आम्ही बी डिव्हिजनमध्ये खालून तिसरे होतो. रविवारी चर्चमध्येसुद्धा लोक बाबांकडे कीव आल्यासारखे बघायचे. जानेवारीत मैदान इतकं गोठलं की त्यावर पेंढा अंथरावा लागला, आणि पेंढा काढला तर खालून वेगळीच टीम निघाली! अकरा सामन्यांत नऊ जिंकलो. कसं, ते बाबांनाही सांगता येईना. आणि मोसमाच्या शेवटच्या शनिवारी असं झालं की वरच्या डिव्हिजनमध्ये जायला एकच जागा उरली, आणि ग्लेनारी आमच्यापेक्षा एकाच गुणाने पुढे, गोलांच्या सरासरीत मात्र आम्ही वरचढ. आम्ही जिंकायचं आणि ग्लेनारीनं जिंकायचं नाही. दोन्ही जमलं तरच.

सकाळी बाबा स्वयंपाकघरात गुडघ्यांना मलम चोळत बसले होते. "वर गेलो तर अजून एक वर्ष खेळेन, एफे. नाही तर हे बूट आज संध्याकाळी खिळ्याला."

युद्धाची वर्षं धरून सोळा वर्षं खेळले होते. वरच्या डिव्हिजनमध्ये एक मिनिटसुद्धा नाही.

त्या दिवशी अकरा हजार लोक आले. पत्रिका छापल्या होत्या तीन हजार, त्या दोन वाजताच संपल्या. मध्यंतराला आम्ही शून्य-एकनं मागे होतो. लोक तोंडं पाडून मटण भरलेल्या पाई चावत होते. चिठ्ठी आली, मी वर चढले. ए झालं. मग बीखाली डावीकडे दोन अडकवला, उजवीकडे शून्य.

आणि माझ्या पाठीमागे काहीतरी फुटलं.

खरंच सांगते, आधी मला वाटलं छत कोसळलं. फळी थरथरत होती. हातातले पत्रे आपोआप वाजत होते आणि तो आवाज त्यांच्यातून माझ्या कोपरापर्यंत चढत होता. वळून बघितलं तर टोप्या हवेत! हातातल्या पाई हवेत!

"काय लावलंस गं?" मिस्टर पिटकेर्न खालून ओरडले.

"चिठ्ठीत आहे तेच!"

त्यांनी चिठ्ठी डोळ्याशी धरली. "मग हे नाचतायत कशाला?"

भिंतीखालचा मोजेवाला आनंदाने रडायचाच बाकी होता. "बी! बी!" तो सगळ्यांना सांगत होता. "ग्लेनारी दोननं मागे!"

ग्लेनारी बी नव्हती. ग्लेनारी डी होती. ज्यांच्याकडे पत्रिका नव्हती ते एकमेकांना विचारत होते, आणि कुणीतरी सांगितलेलं डी समुद्राच्या वाऱ्यातून, तोंडातल्या घासातून पुढे जाता जाता बी झालं होतं. मी घाईघाईने डीखाली शून्य आणि एक अडकवले. तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. ग्लेनारी जिंकत होती, आणि हे त्या टोकाला फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

"ओरडून सांगू का त्यांना?"

"सांग की," मिस्टर पिटकेर्न म्हणाले. "अकरा हजारच तर आहेत."

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तेवढ्यात खेळाडू बाहेर आले. त्या आरड्याने ते दारातच थबकले, मग कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि मी बघितलं, त्यांच्या पाठी सरळ झाल्या. एकेकाची. फक्त बाबा फलकाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं, वाकून उजवा मोजा वर ओढला, नडगीवर दोनदा थापटलं आणि जागेवर गेले. मला वाटलं, पाय दुखतोय.

पुढची पंचेचाळीस मिनिटं मी कशी सांगू? मी माझ्या बाबांना रोज बघते. बिस्किट चहात पडलं की चमच्याने शोधत बसणारा माणूस तो! तोच माणूस त्या दिवशी डाव्या बाजूला होता, उजव्या बाजूला होता, आणि एकदा तर गोलच्या रेषेवर चिखलात आडवा होऊन डोक्याने चेंडू बाहेर घालवत होता. एकसष्टाव्या मिनिटाला आमच्या सँडी लुमिसनं बरोबरी केली. त्र्याऐंशीव्याला बाबांनी अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकला आणि सँडीनं तो जाळ्यात घातला. दोन-एक. मी किंचाळत होते आणि मधेच डीकडे बघत होते. हे सगळं खोट्यावर चाललंय, आणि इतकं सुंदर काही मी जन्मात बघितलं नाही.

शिट्टी झाली. लोक कठड्यांवरून मैदानात ओतले गेले. पण वरच्या स्टँडमध्ये पत्रिकावाले बसले होते. "डी!" तिथून कुणीतरी ओरडलं. "अरे, ग्लेनारी डी आहे!" ते वाक्य खाली उतरत गेलं, आणि जिथून गेलं तिथले लोक गप्प होत गेले, दिवे मालवत जावे तसे. शेवटी अकरा हजार चेहरे माझ्या भिंतीकडे वळले. डी. शून्य, एक.

बाबा गर्दीतून वाट काढत फळीखाली आले.

"बाबा, मला माहीत होतं," मी म्हणाले. मला रडू फुटत होतं. "मी सांगायचा प्रयत्न केला, पण..."

"मलाही माहीत होतं, एफे."

त्यांनी वाकून मोज्यात हात घातला आणि एक चिखलाने माखलेला ओला लगदा बाहेर काढला. सामन्याची पत्रिका. नडगीला पॅड म्हणून ते नेहमी कागद घालतात, हे मी कशी विसरले! डीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"मग इतरांना सांगितलं का नाही?"

"तू त्यांचे चेहरे बघितलेस ना?" एवढंच म्हणाले.

म्हणजे त्या बावीस जणांत तो एकटाच माणूस ग्लेनारी जिंकतेय हे माहीत असूनही तसा खेळला होता.   

इतक्यात मिस रँकिन धावत आल्या. त्यांना धावताना किनलॉत कुणी बघितलेलं नाही. हॅट कुठेतरी पडली होती, एक बूट हातात होता. बोलता येत नव्हतं. ग्लेनारीच्या सामन्याच्या शेवटच्या आकड्यांची चिठ्ठी पुढे केली. मिस्टर पिटकेर्ननी ती वाचली, मला दाखवली, आणि एक पत्रा काढून दुखऱ्या हातानेच वर धरला.

मी डीखालचं डावीकडचं शून्य काढलं. लोकांनी श्वास रोखल्याचा आवाज आला. खरंच, त्यालाही आवाज असतो. रिकामा हुक वाऱ्यात कुरकुरला. मी त्याला एक अडकवला. मग उजवीकडच्या, ग्लेनारीच्या एकाकडे हात नेला, त्याचा वाकडा कोपरा सरळ केला, आणि हात खाली घेतला.

एक-एक.

 मग गर्जना आली. ती माझ्या कानांत नाही, छातीत आली. मिस्टर पिटकेर्ननी स्टुलावर बसल्या बसल्या टोपीत तोंड लपवलं.

फक्त बाबा ओरडले नाहीत. भिंतीला टेकून ते चिखलात बसले, ती ओली पत्रिका मांडीवर सपाट केली, नीट घडी घातली आणि परत मोज्यात खोचली.