आपखुशीचा अर्ज

म्हाताऱ्या मिसेस पेल वारल्या आणि त्यांच्या मृत्युपत्रानं माझी आई मोकळी झाली. सत्तावीस वर्षं मागावर बसून तिनं त्या घराला कापड नि घोंगड्या पुरवल्या होत्या, शेवटच्या आजारात म्हातारीचं अंथरूणही तिनंच आवरलं होतं. म्हणून 'केझाया आजपासून स्वतंत्र' असं वकिलानं दिवाणखान्यात वाचून दाखवलं. त्याच कागदावर चार ओळी खाली मी होते. दोन दुभत्या गायी, भिंतीवरचं घड्याळ आणि अकरा वर्षांची डॉर्कस, हे सगळं पुतण्याला, गिडियन पेल यांना.

ही १८५८ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. व्हर्जिनियात कायदा असा होता की मोकळ्या झालेल्या काळ्या माणसानं वर्षाच्या आत राज्य सोडायचं. नाही सोडलं तर धरून लिलावात उभं करायचं, मग घेईल तो मालक. माझे बाबा, अन्सेल, तीन मैलांवरच्या पिठाच्या गिरणीत होते, गिरणीवाल्याच्या मालकीचे, आणि एका पायानं अधू. म्हणजे आईला जायचं तर एकटीनं. आणि एकदा गेली की परत इथं पाऊल टाकायची सोय नाही.

ते वर्षभर ती टॅसी विल्मर यांच्या घरी माग चालवायला राहिली. टॅसीबाई क्वेकर होत्या. त्या पंथाची माणसं गुलाम ठेवत नसत, आणि लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणत, जजलासुद्धा. दर रविवारी आई मला भेटायला यायची. फडक्यात मक्याची भाकरी आणि वाटीत काकवी असायची.

वसंतात फिलाडेल्फियाहून टॅसीबाईंना पत्र आलं. गुलामगिरी बंद करा म्हणणारी तिथली मंडळी होती. केझायानं इकडे यावं, सभांमधून आपली हकिकत सांगावी, मुलीला सोडवायला आम्ही वर्गणी काढू, असं त्यांनी लिहिलं होतं. टॅसीबाई स्वतः गिडियन पेल यांच्याकडे गेल्या. पेल यांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

"त्या आगलाव्यांना मी घरचं कुत्रंही विकणार नाही," ते म्हणाले. पुन्हा कुणी विचारायला आलं तर पोरीला दूर दक्षिणेत, अलाबामातल्या मेव्हण्याकडे धाडून देईन, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे विचारायची वाटही बंद झाली.

टॅसीबाईंचं म्हणणं पडलं, तू तरी जा, पुढचं पुढे बघू. त्या रविवारी आईनं मला गोठ्यामागे नेऊन हे सांगितलं. उत्तरेला शाळा असतात, मी तिथून तुला बोलावून घेईन, असं काहीबाही ती बोलत होती.

"तू गेलीस तर मी जेवणार नाही. मरून जाईन मी," मी म्हणाले.

अकरा वर्षांच्या पोरीला जे सुचतं ते. आईनं माझ्या हनुवटीवरची काकवी एप्रनच्या टोकानं पुसली आणि उठली. दुसऱ्या दिवशी तिनं फिलाडेल्फियाला नाही म्हणून कळवलं. त्या एका वाक्याचं ओझं मी अजून बाळगून आहे.

उन्हाळा सरता सरता टॅसीबाईंनी आम्हाला पळवून न्यायला नवऱ्याचं मन वळवलं. ओबेड विल्मर कायद्याला भिणारा माणूस. आमच्यातलं एक कुटुंब पकडलं गेलं तर आमच्या सगळ्यांची घरं पेटवतील, असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. तरी अखेर तो तयार झाला. ऑक्टोबर संपताना तो नदीपलीकडच्या बाजारात लोकर न्यायचा. लोकरीच्या पोत्यांखाली आई आणि मी, अशी गाडी भर दिवसा नदीच्या उथळ उतारावरून पलीकडे आणि तिथून उत्तरेला न्यायची ठरली. दिवसाउजेडी जाणाऱ्या गाडीकडे कुणी वळून बघत नाही.

"तुम्ही दोघी पुढे व्हा," बाबा म्हणाले. "हा पाय पोत्यातून बाहेर लोंबला तर सगळ्यांनाच घेऊन बुडेल."

आई हसली नाही.

निघायला दहा दिवस होते. तेवढ्यात हार्पर्स फेरीची बातमी आली. गुलामांना सोडवायला निघालेल्या गोऱ्या-काळ्या माणसांनी तिथल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला होता. आमच्यापासून ते अवघं वीस मैलांवर. फौज आली, काही मारले गेले, बाकीचे पकडले गेले, पुढे फासावर चढले. ती माणसं आमच्यासाठी मेली, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की रस्ते बंद झाले. प्रत्येक उतारावर बंदूकवाले बसले. गाडीतल्या पोत्यात संगिनी खुपसून बघू लागले. क्वेकरांच्या कोठारांची दोनदा झडती झाली.

"आता नाही, केझाया," ओबेड म्हणाला. टॅसीबाई खाली मान घालून कणीक मळत राहिल्या.

वर्ष भरायला महिना नि थोडे दिवस उरले होते. आई लीसबर्गच्या कचेरीत गेली आणि तिनं अर्ज लिहून घेतला. मोकळ्या काळ्या माणसाला आपणहून मालक निवडता येईल, असा कायदा दोन-तीन वर्षांपूर्वीच झाला होता. तिनं गिडियन पेल यांचं नाव घातलं. महिनाभर तो कागद कचेरीच्या दारावर चिकटवलेला होता. येणारा-जाणारा वाचायचा.

बाबा संतापले. "मी जन्मल्यापासून या खोड्यात आहे. तू सुटलेली, आणि आपण होऊन परत पाय घालतेस?"

"लिलावात मला कोण घेईल ते सांग," आई म्हणाली. "सांगितलंस तर नाही घालत."



सुनावणीच्या दिवशी गिडियन पेल यांचा कोट धरायला मला नेलं होतं. अर्जदाराला मालकापासून वेगळं काढून विचारायचं, असा नियम होता, म्हणून ते बाहेर गेले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी दाराशीच उभी राहिले.

"तुला कुणी धमकी दिली? मारहाण केली?" जजनं विचारलं.

"नाही, साहेब."

"मग हे आपखुशीनं करतेस?"

"माझी मुलगी त्यांच्याकडे आहे, साहेब."

"ते विचारलं नाही मी. आपखुशीनं करतेस का?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "होय," ती म्हणाली.

कारकुनानं तेवढंच लिहून घेतलं. तिचा स्वतंत्र असल्याचा दाखला त्यानं मागून घेतला आणि त्यावर आडवी रेघ ओढली.

त्या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं की एका काळ्या बाईनं वर्षभर स्वातंत्र्य चाखून पाहिलं आणि आनंदानं मालकाच्या छत्राखाली परतली. गिडियन पेल पाहुण्यांसमोर ते मोठ्यानं वाचायचे आणि विचारायचे, "खरं ना, केझाया?" आईला हातातलं ताट सांभाळत खरं म्हणावं लागायचं. फिलाडेल्फियाची पत्रं थांबली. आमच्या वस्तीतही कुणी तिला जवळ केलं नाही. "राणीसाहेबांना मोकळी हवा बाधली वाटतं," असं स्वयंपाकीण हल्दा म्हणायची. आईनं तिला कधी उत्तर दिलं नाही. मीही गप्प बसायची. आई कशासाठी परत आली हे मी तरी सांगायला हवं होतं, पण ते तोंडातून निघायचंच नाही.

मग एकसष्टला उत्तर-दक्षिणेची लढाई सुरू झाली. उत्तरेची फौज यायच्या आत गिडियन पेल आम्हाला दक्षिणेला लिंचबर्गला घेऊन गेले. बाबा गिरणीतच राहिले. चार वर्षं त्यांची काही खबर नव्हती. पासष्टच्या वसंतात सगळेच मोकळे झाले, तेव्हा आई आणि मी पायी निघालो. वाटेत पूल मोडलेले होते, घरं जळून गेली होती. अकराव्या दिवशी गिरणी दिसली.

बाबा तिथंच होते. केस पार पांढरे झालेले. उत्तरेची फौज तीन वर्षांपूर्वीच येऊन गेली होती, गिरणीतली बाकीची माणसं तिच्यामागून निघून गेली होती. तुम्ही का नाही गेलात, असं मी विचारलं.

"तुम्ही शोधत आलात आणि मी नसलो तर?" ते म्हणाले.

पुढच्या वर्षी नावनिशी लिहायला सरकारी कारकून आला. केव्हापासून स्वतंत्र, असं त्यानं आईला विचारलं.

"कितव्यांदा?" आई म्हणाली.

कारकुनाला काही उमगेना. पासष्ट साल लिहा, असं बाबांनी सांगितलं. आई तोवर चुलीकडे वळली होती.