जळालेली फळी

"जाळली? काका, जाळली म्हणजे काय?" बाईंनी चित्र मेजावर पालथे आपटले.

सत्तरी ओलांडलेल्या फ्रेमवाल्यांनी चित्राची मागची बाजू हाताने चाचपली.

"वाळवी लागली होती, बाईसाहेब. मागची फळी तशीच ठेवली असती तर वाळवी चित्राच्या कापडात उतरली असती."

"फळीवर खरेदीची पावती चिकटवली होती! सासऱ्यांनी मागं ठेवलेला तेवढाच पुरावा. अक्कल गहाण टाकली होती का?"

"चुकलं माझं. पावती सोडवून घ्यायला हवी होती."

बाईंसोबत आलेला करसल्लागार दारापाशी उभा राहून रुमालाने चष्मा पुसत होता. "काका, चित्र पंचवीस लाखांना विकलंय. खरेदीची किंमत त्यातून वजा होते, उरलेल्या नफ्यावर कर. किंमत सिद्ध झाली नाही, तर सगळे पंचवीस लाख नफाच. तुम्ही पावती वाचली होती?"

"वाचली होती. ऐंशी हजार."

करसल्लागाराने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आवाज मृदू केला. "आठ लाख असेल. आठवून बघा आणि तसं लिहून द्या. तसं पाहिलं तर फळी जळाली ते बरंच झालं."

आता कुठे फ्रेमवाल्यांच्या ध्यानी आले, की हा संताप फळीसाठी नव्हताच. त्यांच्या अपराधाचीच दोरी करून त्यांना भलत्याच रानात ओढले जात होते.

"ऐंशीच होते, साहेब."

"तीस वर्षं आमच्या घरच्या कामावर पोट भरलंत," बाई कडाडल्या. "आणि आता तोंड वर करून शहाणपण शिकवताय? लिहा मुकाट्यानं, नाहीतर नोटीस येईल. दुकान विकून भरपाई द्याल."

अर्धे दुकान या एका घराच्या कामावर चाले. या वयात नवे गिऱ्हाईक कोण देणार? फ्रेमवाल्यांनी खण उघडून कोरा कागद काढला आणि वळणदार, संथ अक्षरांत लिहिले: 'पावती माझ्या हातून जळाली. दोष माझा. तिच्यावरील किंमत ऐंशी हजार होती.' खाली सही करून त्यांनी तो बाईंपुढे सरकवला.

"हा कागद काय चाटायचाय?"

"फळी जाळली ती चूक, बाईसाहेब. आठ लाख लिहिलं तर ती लबाडी. चुकीबद्दल नोटीस पाठवा, मी घेईन."

"म्हातारचळ लागलाय!" बाईंनी रस्त्याकडे तोंड करून हाक मारली. "ड्रायव्हर! फ्रेमसाठी दिलेली आमची सातही चित्रं उचल. या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

ड्रायव्हर काचेवर काच रचू लागला.

"थांब बाबा," फ्रेमवाले म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर भार देत जमिनीवर बसले. प्रत्येक दोन चित्रांमध्ये त्यांनी जाड पुठ्ठा घातला, कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्या, सुतळी आवळली.

"आता कशाला ही नाटकं?" बाई उंबऱ्यावरून म्हणाल्या.

फ्रेमवाल्यांनी शेवटची गाठ बोटाने दाबून पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "उभी ने. आडवी ठेवलीस तर खड्ड्यात काच तडकेल."

गाडी निघून गेली. फ्रेमवाल्यांनी उठण्यासाठी मेजाचा पाय धरला. पहिल्या खेपेस जमले नाही. त्यांनी हात बदलला.