कुटारातली हंडी

वीरेंद्रला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीच्या होळीपासून हे सुरू झालं. वीरेंद्र माझ्या थोरल्या भावाचा नातू. भाऊ गेल्यापासून त्यांचं घर भुरीवैनीच चालवायची.

इंझोरीजवळच्या आमच्या तांड्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला सांगलीकडे जातात आणि होळीला परततात. तरुणपणी मीही जायचो. ट्रकमध्ये अंग आंबून जायचं, पण जीव सगळा वैनीच्या हंडीत. ती आदल्या दिवशी सगळ्यांसाठी बकऱ्याचं मटण शिजवायची, हंडी गोधडीत गुंडाळायची आणि कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात पुरून ठेवायची. ट्रक कधीही येवो, झाकण काढलं की तोंडावर वाफ यायची. त्या वाफेनेच घरी आल्यासारखं वाटायचं. तसा घास पुन्हा मिळाला नाही.

त्या होळीला वाटेत ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. हंडी कोमट होती, वास चांगला, चवही चांगली. सगळे तुटून पडले. पहाटेपासून मात्र घरोघरी पोटात कळा आणि जुलाब. वीरेंद्रच्या बाळंतीण बायकोला सलाईन लावावं लागलं. एक-दोन दिवसांत सगळे बरे झाले. वैनी मात्र खचली. बाया तिच्याकडे बघून कुजबुजायच्या.

वीरेंद्रची बहीण रंजीता वाशीमच्या कॉलेजात जंतूंचंच शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा वैनी तिच्यावरच उखडली.

"मी काय इख कालवलं व्हतं? रटारटा उकळलं व्हतं मटण!"

"उकळल्यावर जंतू मरते, आजी. पण त्याचं बियाणं मरत नाही. टणक कवचात बसून राह्यते. हंडी कोमट झाली का उगवते, अन् एकाचे हजार होतात."

"मंग इतके वर्सं कायले नाही उगवलं?"

"तवा ट्रक टायमावर येत व्हता. यावेळी तू त्याईले रातभर अन् दिवसभर गोधडीत ऊब देल्ली."

वैनी माझ्याकडे वळली. "आयका भाऊजी! म्हणजे मी त्याईची खुडूक कोंबडी!"

मला हसू आवरलं नाही. तीही हसली, पण डोळे पुसत उठून गेली.

पुढच्या होळीला तांड्याने जेवण बाहेरून आणायचं ठरवलं. वैनीला कोणी विचारलंही नाही. ती दिवसभर दाराशी बसून राहिली. मग रंजीतानेच विषय काढला.

"आजी, शिजवून ठेवू नको. मसाला वाटून ठेव. ट्रक जवळ आला का मटण चढव."

"अन् थकेल माणसं उपाशी बसतीन?"

"बसतीन," मी म्हणालो. "मी बसलो असतो."

"तुमी तं उभ्यानं खात व्हते, भाऊजी. बसले कवा?"

पण ती उठली. पाट्यावर मसाला वाटायला लागली. मी बाहेरच्या जेवणाला नको म्हणून कळवलं.

सकाळी ट्रकमधून वीरेंद्रचा फोन आला, अनसिंग गाव मागे पडलं, आता पोचतोच. वैनीने चूल पेटवली. ट्रक आला तेव्हा मटण अजून शिजत होतं. माणसं कुरकुरली, पण दुसरं काही नव्हतंच. चुलीभोवती बसली. मग गोष्टी निघाल्या: फडात साप निघाला, कोणाची बैलगाडी उलटली, कोणी मुकादमाच्या नकला केल्या. वैनी पळी हातात धरून ऐकत होती. इतकी वर्षं माणसं खाऊन लगेच आडवी व्हायची, तिच्यापाशी कोणी बसलंच नव्हतं. कुजबुजणाऱ्या बायाही ताटं घेऊन आल्या. कोणाचंही पोट दुखलं नाही.

वाफेतली ती जुनी हंडी मला अजून आठवते. पण वैनी त्या सकाळी जितकी हसली, तितकी हसलेली मी कधी पाहिली नव्हती.

भुरीबाई मदनसिंग राठोड त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हातारपणाने, आपल्या घरी वारली.